पडवीतलं बेसिन आत घेताना

कसबा बावडा,
दि. १६ जानेवारी २०२५

ती. आक्का यांस,
शालनचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं तिळगुळाचं पाकीट पोचलं. निम्मा तिळगूळ पोस्टातच सांडला असावा, कारण पोस्टमन यंदा फारच गोड बोलून गेला. फोन करावा तर तुम्ही ऐकायचं मशीन कपाटात ठेवता आणि सगळ्याला बरं बरं म्हणता. काय बरं, ते तुम्हालाही कळत नाही आणि मलाही. तेव्हा आपलं पत्रच खरं.

बातमी अशी, की आमच्या घरात सध्या बसायला जागा नाही. पोह्यात सिमेंट, चहात सिमेंट. तुमच्या धाकट्या बंधूंनी न्हाणीघर फोडायला काढलंय. गल्लीत विचारलं तर सांगतात, माझे गुडघे दुखतात म्हणून. गुडघे दुखणारा माणूस सकाळी आकाराम प्लंबरच्या आधी पहार घेऊन उभा असतो, हे गल्लीला दिसतं, पण कोण बोलत नाही.

खरं कारण तुम्ही आहात. दिवाळीनंतर तुम्ही मोरीत घसरलात, डावं मनगट मोडून घेतलंत, एकटं राहू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं आणि हे तुम्हाला कायमचं इकडं आणायला आजऱ्याला आले. तुम्ही त्यांना चहा पाजलात, घनसाळ तांदळाची पिशवी हातात दिलीत आणि सांगितलंत, की तुमचं बेसिन मागच्या पडवीत, पायऱ्या उतरून. तिथं घसरले तर उजवंही मनगट जाईल, मी काही येत नाही.

नाही म्हणायचं असलं की माणूस काहीतरी कारण पुढं करतो, एवढं मला समजतं. तुमच्या भावाला नाही समजत. घरी आले आणि दोन दिवसांनी एकदम जाहीर केलं, बेसिन आत घ्यायचं. म्हणजे न्हाणीघरात, कमोडच्या शेजारच्या भिंतीवर. पायरी नाही, उंबरा नाही. आता आक्का काय कारण सांगते बघतो, म्हणाले.

तर तयार राहा. यापुढं तुम्ही जे जे म्हणाल ते ते हा माणूस दुरुस्त करत सुटणार आहे, आणि घर माझं आहे. लोभ आहेच, तो वाढवा. कारणं मात्र जरा जपून सांगा.

तुमची,
शालन

•

आजरा,
दि. २२ जानेवारी २०२५

चि. सौ. शालन हिस,
आक्काचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून धोंडुबाईला हाक मारली. ही शेजारीण आता माझा दुसरा हात झाली आहे, तेव्हा बातम्यांवर तिचाही हक्क. दोघी हसून हसून दमलो. मग मला एकटीला राग आला. अगं, मी एक कारण सांगितलं आणि त्यानं भिंत फोडली? तू काय करत होतीस? नवरा पहार घेऊन निघाला की बायकोनं निदान विचारायचं तरी असतं.

तो लहानपणापासून असाच. एकदा आई त्याला म्हणाली, विजू, आत्याला वाटंला लावून ये. आत्या निपाणीची. हा पठ्ठ्या तिच्याबरोबर गाडीत बसून थेट निपाणीला गेला आणि दुसऱ्या दिवशी डब्बल लाडू खाऊन परत आला. इकडं आम्ही नदीवर शोधतोय. आईनं बडवला तर म्हणतो कसा, तूच की म्हटलीस, वाटंला लाव. कारखान्याच्या शेती खात्यात त्यानं जन्मभर नोकरी कशी केली, देव जाणे.

आता फोडलंच आहे तर एक ऐक. बेसिन आत न्यायचं म्हणजे नुसतं बेसिन जात नाही, त्याचं सांडपाणीही न्यावं लागतं. पाईपला ढाळ नीट पडलाय का ते आधी बघायला सांग. आम्ही भात लावणारी माणसं. वरच्या वाफ्यातलं पाणी खालच्या वाफ्यात उतरायचं तर बोटभर उतार लागतोच, मग मालक कितीका मोठा असेना.

बाकी माझ्या येण्याचं म्हणशील तर काजूला मोहोर धरलाय. धुकं पडलं की तो करपतो, लक्ष ठेवावं लागतं. मोहोर सोडून कशी येऊ? त्याला सांग, न्हाणीघर झकास कर आणि तुम्ही दोघं वापरा. तुझ्या चहातलं सिमेंट लवकर निवळो, हा आशीर्वाद.

तुझी,
आक्का

•

कसबा बावडा,
दि. २९ जानेवारी २०२५

ती. आक्का यांस,
शालनचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या तोंडात साखर पडो म्हणणार होते, पण तुम्ही अशुभच बोललात आणि ते खरं झालं. ढाळ!

झालं असं. पाईप फरशीखालून मागच्या चेंबरपर्यंत न्यायचा ठरला. ढाळ द्यायचा तर भिंतीकडची फरशी वर उचलावी लागते, म्हणजे आत एक छोटी पायरी होते. तुमचे बंधू अडून बसले, की पायरी बोटभरसुद्धा चालणार नाही, आक्काचा पाय अडकेल. आकाराम म्हणाला, मालक, पाणी हाय ते, हुकमानं जाईत न्हाय. यावर यांचं उत्तर, जाईल की, जाईना काय झालं. आकारामलाही दुसरीकडचं काम गाठायचं होतं, त्यानं मान डोलावली आणि पाईप सपाट टाकून वर कोबा केला.

चार दिवसांनी मोठ्या थाटात उद्घाटन. हे तात्पुरत्या टेकवलेल्या नव्या बेसिनपुढं दाढीला उभे. दाढी झाली, नळ सोडला, आणि सगळा फेस आंघोळीच्या जाळीतून वर! हे टॉवेल लावून त्या पांढऱ्या तळ्यात उभे आणि मला हाका मारतायत. मी दारात उभी राहून सांगितलं, की आजऱ्याहून पत्र आलंय, त्यात हेच लिहिलंय. तेव्हा तुमचं पत्र त्यांनी मागून घेऊन वाचलं, ते अजून परत दिलेलं नाही.

मग तोडगा निघाला. पाईप फरशीखालून न नेता भिंतीतून थेट बाहेर काढला आणि बाहेरच्या बाहेर भिंतीच्या कडेनं, भरपूर ढाळ देऊन चेंबरला नेला. आत फरशी सपाटच्या सपाट. वाटेत माझ्या अबोलीचा वाफा गेला. मी काही बोलले नाही. बोलले असते तर यांनी अबोली गच्चीवर नेली असती.

आता मस्करी बाजूला ठेवून लिहिते. आक्का, मोहोराचं कारण मला सांगू नका. काजूची झाडं तुम्ही लग्न होऊन तिथं यायच्या आधीपासून मोहोरतायत. दोन्ही पोरं लांब, यशराज पुण्याला गेला तो तिकडचाच झाला, अनुजा शिरोळला तिच्या संसारात. आम्ही दोघं टीव्हीपुढं बसतो आणि जाहिराती लागल्या तरी बदलत नाही. मला तुम्ही इथं हव्या आहात. तुमच्या भावासाठी म्हणून नाही, माझ्यासाठी. तुम्ही आलात की घरात भांडायला माणूस होईल.

उद्या अनुजाकडं शिरोळला निघालेय, नातवाला ताप आहे. दहा-बारा दिवस तिकडंच. तोवर बेसिन कायमचं बसवून टाकतो, असं हे म्हणतायत. ढाळ झालाय, आता चुकण्यासारखं काही राहिलेलं नाही. लोभ करत राहा आणि उत्तर खरं लिहा.

तुमची,
शालन

•

आजरा,
दि. ५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शालन हिस,
आक्काचे अ. उ. आ. वि. वि.

नातवाचा ताप उतरला का, ते आधी कळव. अनुजाला म्हणावं, पोराच्या अंगावर इतकी पांघरुणं घालू नको, तिची आजी घालायची तशी. आजी म्हणजे माझी आई, तेव्हा हे बोलायचा हक्क मला आहे.

फेसाचा मजकूर मी धोंडुबाईला वाचून दाखवला. तिनं तो दळण टाकायला जाताना गिरणीत सांगितला. आता आजऱ्यात विजूला सगळे ओळखतात. इथं आला तर दाढी घरून करून ये म्हणावं.

तू खरं लिही म्हणालीस, तर लिहिते. मोहोर हे कारण नाही. पायऱ्या हेही नव्हतं.

माझं लग्न झाल्यापासून मी बावड्याला पिशवी घेऊन आले आणि पिशवी घेऊन परत गेले. गल्लीतली बाई दिसली की पहिल्यांदा विचारते, कवा आलीस? आणि लगेच, कवा जाणार? मला त्या दुसऱ्या प्रश्नाची सवय आहे. त्याच्यावर माझं उत्तर तयार असतं, की उद्या जाणार, परवा जाणार, माझं घर उघडं आहे. आता कायमची आले तर काय सांगू? नवऱ्याच्या माघारी भावाच्या दारात येऊन राहिली, असं कोणी तोंडावर म्हणणार नाही, तू तर मुळीच नाही. पण मला स्वतःला तसं वाटेल. इथं माझ्या मोरीत मी घसरले तरी ती माझी मोरी आहे. तिथं सगळं चांगलं असेल आणि मी पावणी असेन, रोज.

आणि दुसरं, म्हातारपण तुमच्या घरात आणून ठेवायला मला लाज वाटते. तुम्ही दोघंही काही तरणे नाही. तुझी कंबर, त्याचे गुडघे, वर माझं मनगट. एक दवाखाना काढावा लागेल.

म्हणून रागावू नका. न्हाणीघराला एवढा खर्च केलात त्याचं मला वाईट वाटतं. तुझ्या अबोलीचं त्याहून वाटतं. इथली रोपं पाठवून देईन. माया आहे तशीच असू दे, मी लांबून ती पुरवून पुरवून खाईन.

तुझी,
आक्का

•

कसबा बावडा,
दि. १२ फेब्रुवारी २०२५

ती. आक्का यांस,
शालनचा शि. सा. न. वि. वि.

नातू खडखडीत बरा आहे. मी काल शिरोळहून परत आले. तुमचं पत्र इथं येऊन पडलं होतं, यांनी ते फोडलं नव्हतं. शेवटी मीच वाचून दाखवलं. तेव्हा काय झालं ते खाली लिहिते, आधी त्याच्या अगोदरचं सांगू दे.

गाडीवरून उतरले ती थेट न्हाणीघरात गेले. टाईल्स सुरेख, फरशी सपाट, बाहेर पाईप सरळ उताराचा. कमोडच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडी. हात धुवावे म्हणून बेसिनपुढं उभी राहिले तर बेसिनचा काठ माझ्या छातीला! हात वर करून धुवायला लागले तर पाणी कोपरावरून वाहत ब्लाऊजच्या बाहीत. मला वाटलं, अजून तात्पुरतं टांगलंय. हाक मारून विचारलं तर म्हणाले, न्हाय, फिट्ट बसवलंय.

आकारामला बोलावून घेतलं. तो बिचारा कान धरून सांगायला लागला, वैनी, माझी चूक न्हाय. मी मालकास्नी इचारलं हुतं, पावण्या किती उंच हाईत? तर मालकांनी हात असा वर धरला. आणि त्यानं हात धरून दाखवला, आक्का. यांच्या डोक्याच्याही वर. तुमचे बंधू सहा फुटाला थोडेच कमी. आणि तुम्ही माझ्या खांद्याला लागता. तुमच्या घरात वरच्या फळीवरचा डबा काढायला धोंडुबाई येते. त्या मापानं बेसिन बसलं, त्या मापानं भिंतीत वेस्ट पाईपचं तोंड घेतलं आणि त्याच्या भोवतीनं टाईल्स चिकटवल्या. आता नुसतं बेसिन खाली घेऊन भागत नाही, पाईपही खाली आणायचा, म्हणजे भिंत परत फोडायची.

मी हसत हसत तिथल्या सिमेंटच्या पोत्यावरच बसले. म्हटलं, अहो, ही कुणाची आक्का? यांना हसू येईना. भिंतीकडं बघत म्हणाले, आक्का माझ्यापेक्षा उंच हाय की. मी म्हटलं, तुम्ही तिच्याशेजारी शेवटचं उभं कधी राहिलात? तर आठवेना. तुम्ही आलात की बसलेल्या असता, हे दारात उभे असतात. मग हळूहळू बोलायला लागले. ओढ्याला पाणी आलं की तुम्ही त्यांना कडेवर घेऊन शाळेला पोचवायचा. त्यांना ओढ्याचं पाणी लांब खाली दिसायचं आणि भीती वाटायची नाही, एवढ्या उंचावर ते असायचे. म्हणाले, मला वाटलं आक्का तेवढीच असंल.

माझं हसू तिथंच थांबलं. इतकी वर्षं संसार केला, पण हा माणूस आपल्या बहिणीला असा मान वर करून बघत आलाय, हे मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर मी तुमचं पत्र वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पावणी असेन रोज, या ठिकाणी ते उठून पडवीत गेले. जुन्या बेसिनच्या जागी आता भिंतीला नुसतं भोक आहे. परत आले ते आकारामला एवढंच म्हणाले, बेसिन काढ, पाईप उघडा ठेव, आक्काचं माप येऊ दे.

तेव्हा तुमचं माप कळवा. जमिनीपासून कोपरापर्यंत किती, असं आकाराम म्हणतो. आणि तुमच्या पत्राला माझं उत्तर एवढंच, की हे घर ज्याच्या नावावर आहे त्याला तुम्ही कडेवर घेऊन पाण्यातून नेलंत. तो आपल्या दारात तुम्हाला पावणी कसा समजेल? मी तर समजणारच नाही, मला भांडायला हवंय. यांनी खाली स्वतःच्या हातानं ओळ लिहिली आहे. पेन धरायची सवय गेलीय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. लोभ राहू दे, आणि तो लांबून नको.

तुमची,
शालन

आक्का, माप चुकलं. ये. — विजू

•

आजरा,
दि. १८ फेब्रुवारी २०२५

चि. विजयसिंह यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आजवर तुमच्या घरी सगळी पत्रं शालनला लिहिली, कारण तू उत्तर देत नाहीस. या वेळी तू चार शब्द लिहिलेस, त्यातले दोन तर चांगले ठळक आहेत. म्हणून हे तुला.

शालनचं पत्र मी एकटीनं वाचलं. धोंडुबाईला हाक मारली नाही. आधी हसले, मग रडले, उगाच लपवत नाही. मग डोळे पुसून माप घ्यायला बसले. एका हातानं टेप जमिनीला धरली की वरची सुटते, वरची धरली की खालची. शेवटी धोंडुबाईला बोलावलं. ती म्हणते, ताठ उभी राहा. मी म्हणते, उभीच आहे. तिनं तीनदा मोजलं आणि तीनदा वेगळं आलं. एकदा चपला घातलेल्या होत्या, एकदा वाकले होते, एकदा तिचाच चष्मा नव्हता. असलं माप पत्रानं पाठवलं तर तुम्ही परत भिंत फोडाल, आणि शालनच्या घरात आधीच सिमेंट पुरेसं झालंय.

म्हणून मी येते. शुक्रवारच्या सकाळच्या एस.टी.नं निघते, स्टँडवर ये. काजूची बाग धोंडुबाईच्या लेकाला वाट्यानं दिली, मोहोर करपला तर तो बघेल. तांदूळ, अबोलीची रोपं आणि माझी ट्रंक असं तीन डाग सामान आहे. ट्रंक आहे, हे वाचून समज. घर मोडत नाही, कुलूप घालते. मनात आलं की इकडं येऊन चार दिवस राहीन, तेव्हा कुणी आडवं यायचं नाही. शालनशी भांडण रोज करायचं की एक दिवसाआड, ते आम्ही दोघी ठरवू, तू मध्ये पडू नकोस.

आकारामला सांग, पेन्सिल तयार ठेव. मी भिंतीपुढं उभी राहते, त्यानं खूण करावी. आणि तू त्या वेळी बाहेर जाऊन बसायचं नाहीस, तिथंच माझ्याशेजारी उभं राहायचं. तुला ते बघायला जड जाईल, मला माहीत आहे. मलाही जाईल. पण बाळा, ज्या आक्कानं तुला कडेवर घेतलं ती तेवढीच होती, तूच लहान होतास. तेव्हाही मी कुणाच्या खांद्याला लागत नव्हते. पाणी माझ्या कमरेपर्यंत यायचं, मला घाबरायला व्हायचं, तुला सांगितलं नाही एवढंच.

आता मला घाबरायला होतं तेव्हा सांगत जाईन. आहे तेवढी येते आहे. त्या मापानं बसव.

तुझी,
आक्का